डल्सीचा पासवर्ड

"पुन्हा नाही म्हणतोय," डल्सी फोनवर म्हणाली.

गुरुवारची दुपार होती. मी मूंटा गावच्या रेडिओ क्लबच्या शेडमध्ये टेबलापाशी उभा, आणि डल्सी दीडशे किलोमीटर लांब, ॲडलेडच्या इस्पितळात, मोडलेला खुबा सांधून घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवून बसलेली. फोन मी स्क्रूच्या बरणीला टेकवून ठेवला होता. त्यात तिचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं.

"नीट टाइप केलंस ना?"

"क्लेम, मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे, आठ वर्षांची नाही."

"नाही म्हणजे, मोठ्या अक्षरांचं बटण चुकून..."

"बघितलं. कागदावर लिहून ठेवलंय तेच टाइप केलं, अक्षर न् अक्षर. तीनदा. तीनदा एकच उत्तर: पासवर्ड चुकीचा."

शेजारच्या स्टुलावर स्पायरो बसला होता. त्याचं मासळीचं दुकान आता मुलगा चालवतो, त्यामुळे हा दिवसभर आमच्या डोक्यावर. त्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. आम्हा दोघांना एकच वाटत होतं आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं.

डल्सीच बोलली. "मंगळवारी मी स्वतः ठरवलेला पासवर्ड. स्वतः लिहिलेला. म्हणजे टाइप एक केलं आणि लिहिलं दुसरंच. किंवा कागद भलताच आहे." चष्मा खाली गेला, मग पुन्हा वर आला. "मंगळवारनंतर स्कोप कुणी बंद केला होता का रे?"

"कुणी बोट लावलेलं नाही," मी ठणकावून सांगितलं. "घरी जाताना समोरच्या बटणावर झोपवतो, तेवढंच. आणि ते तर तू तपासलं आहेस."

"तपासलं आहे," ती म्हणाली. "मग मीच."

ही डल्सी नॅनकिव्हेल म्हणजे कोण, ते सांगायला हवं. तीस वर्षं ती आमच्या किनाऱ्याच्या रेडिओवर होती. समुद्रात गेलेल्या मासेमारीच्या बोटी तिला हाक मारायच्या, आणि खरखरीतून ती ऐकायची. बोटीने नाव सांगायच्या आधी ती सांगायची, "हं, बोल रे स्टॅन." मागच्या इंजिनाच्या धडधडीवरून ओळखायची. निवृत्त झाल्यावर तिने घरामागच्या खोलीत कारखाना मांडला आणि आमच्या अख्ख्या द्वीपकल्पातले मेलेले रेडिओ जिवंत करत सुटली. सहा आठवड्यांपूर्वी छपरावरची ॲन्टेना सरळ करायला शिडीवर चढली, आणि शिडी सरळ राहिली, ही नाही राहिली.

इस्पितळात दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "माझा खुबा मोडलाय, डोळे नाही. क्लबातला स्कोप मला इथून बघता आला पाहिजे."

स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप. तारेतून धावणारी वीज या यंत्राच्या पडद्यावर लाट होऊन दिसते, आणि लाट कुठे वाकडी होते ते कळलं की बिघाड सापडला. आमच्याकडचा चांगला नवा आहे, पण खरं सांगायचं तर आम्हाला नुसती लाट दिसते, डल्सीला आजार दिसतो. अडचण एकच होती. कंपनीने हा स्कोप असा बनवला होता की बाहेरगावाहून कुणाला त्यात शिरता येऊ नये. पण जगभरात आमच्यासारखे रिकामटेकडे भरपूर. त्यांनी स्कोपच्या पोटातला प्रोग्राम, फर्मवेअर म्हणतात त्याला, आपल्या हाताने बदलून सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिला होता. डल्सीने महिनाभर खपून तो शोधला, आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून स्कोपला पाजला, आणि दार उघडलं. अर्थात एकदा कंपनीचं कुलूप फोडल्यावर कंपनीला फोन करून "आमची किल्ली लागत नाही" असं विचारायची सोय उरत नाही.

नव्या दाराची किल्ली म्हणजे एक जगजाहीर पासवर्ड होता. ज्याला तो प्रोग्राम माहीत, त्याला तो पासवर्ड माहीत. डल्सीने आत शिरल्या शिरल्या पहिलं काम केलं ते हे की तो बदलून स्वतःचा टाकला. आणि मग, गेल्या शनिवारच्या दुपारी, कुणीही हात न लावता आमच्या स्कोपचा पडदा हलायला लागला. लाट मोठी झाली, लहान झाली, डावीकडे सरकली. स्पायरोने छातीवर क्रूस काढला. "आली रे," तो पुटपुटला, "म्हातारी यंत्रात शिरली." तासाभरात तिने एका मेंढपाळाच्या जुन्या रेडिओचं दुखणं काढून दिलं. हात आमचे, डोळे तिचे. मी इतका खूश झालो होतो की घरी जाताना चुकीच्या वळणाने गेलो.

मंगळवारी स्कोप तिला ओळखेना. आम्ही प्रोग्राम नव्याने पाजला, ती जगजाहीर किल्लीने आत आली, पुन्हा आपला पासवर्ड टाकला, या वेळी कागदावर लिहिला. खात्री म्हणून मला समोरच्या बटणाने स्कोप बंद-चालू करायला लावला. पासवर्ड टिकला. पाच वाजेपर्यंत मजेत काम झालं. आणि आता गुरुवारी पुन्हा हे.

मधला बुधवार मात्र माझा आहे, आणि तो सांगायला मला आवडत नाही.

बुधवारी चार वाजता लोरेनचा फोन आला. लोरेन म्हणजे डल्सीची मुलगी, शेजारच्या कडायना गावात राहते, आई घरी होती तेव्हा रोज सकाळी चक्कर मारायची. चांगली पोर आहे, फक्त काळजीने पिळवटलेली. म्हणाली, "क्लेम, खरं सांग. आई विसरायला लागली आहे का?"

"का गं?"

"मे महिन्यात तिने मला थंड पाण्याचा चहा दिला. दोनदा. म्हणे किटलीचं बटण दाबलं होतं, उकळलं असेल असं वाटलं. आणि आता ती म्हणते की तुमच्या त्या यंत्राचा पासवर्ड तिला आठवेना. तू तिला रोज बघतोस, म्हणून विचारते."

मी म्हणालो, "गेल्या वर्षभरात जरा घसरली आहे खरी." असं सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मला वाटलं, मी खरं बोलतोय. लोरेनने मोठा श्वास सोडला आणि सांगितलं की मग ती रविवारी व्हॅन घेऊन येते, कारखाना रिकामा करते, घर विकायला काढते, आणि आईला ॲडलेडमध्येच देखरेखीच्या ठिकाणी ठेवते. "तू म्हणालास म्हणून मनाची तयारी झाली," असंही म्हणाली.

म्हणून गुरुवारी डल्सी "मग मीच" म्हणाली तेव्हा मी बरणीतले स्क्रू मोजल्यासारखं करत राहिलो.

"शनिवारी शेवटचं," फोनमधून आवाज आला. खणखणीत, पण खाली नजर असल्यासारखा. "शनिवारी सकाळपासून बसू. पुन्हा पाजा, पुन्हा पासवर्ड टाकू. तो टिकला तर मी घरी येणार, माझ्या कारखान्यात. नाही टिकला तर लोरेनला सांगेन, ने बाई सगळं. स्वतःच्या हाताने काल काय लिहिलं ते ज्याला आज कळत नाही, त्याने विजेच्या तारांत बोटं घालू नयेत. हा नियम मी दुसऱ्यांना लावलाय, मलाही लागू."

स्पायरोने फोन बंद झाल्यावर नाक शिंकरलं आणि म्हणाला, गवताची ॲलर्जी.

शनिवारी मी साडेआठलाच शेड उघडली. खरं तर चावी माझ्याकडेच असते, कारण मी क्लबचा सुरक्षा-प्रमुख. सव्वीस वर्षांपूर्वी एक सोल्डरिंग गन चालू राहिली आणि आमची जुनी शेड अर्धी जळाली, त्या दिवसापासून. माझे नियम दारावर लावलेले आहेत: चपला नकोत, बूटच हवेत, एकट्याने उच्च दाबाच्या विजेचं काम करायचं नाही, आणि माणूस उठला की टेबलाची वीज भिंतीवरून तोडायची. शेवटच्या नियमासाठी मी स्वतः तळहाताएवढं लाल बटण बसवलंय. शेवटी बाहेर पडणारा ते खाली करतो, आणि शेवटी बाहेर पडणारा नेहमी मीच असतो. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. स्पायरो म्हणतो, माझ्या थडग्यावरही तेच बटण बसवणार आहेत.

तो नऊला आला, मांस-बटाट्याच्या गरम पेस्टींची पिशवी घेऊन. ग्रीक माणूस असला तरी मूंटात राहून पेस्टीला नाही म्हणायची त्याची छाती नाही. आम्ही स्कोपला पेनड्राइव्ह लावला, प्रोग्राम पाजला, आणि साडेनऊला डल्सी आत होती.

"या वेळी साक्षीदार पाहिजेत," ती म्हणाली. "पासवर्ड मी सांगते, क्लेम तू लिही, स्पायरो तू तुमच्या कॉम्प्युटरवरून टाइप कर. टाकून होईपर्यंत मी कशालाच हात लावत नाही."

"मग तो आम्हालाही कळेल की," स्पायरो म्हणाला.

"तू मला लुटणार आहेस का? कुत्र्याचं नाव, बॉस्को, पहिलं अक्षर मोठं. पुढे एकोणीसशे त्रेसष्ट."

"लग्नाचं वर्ष?"

"बॉस्कोचं नाही, माझं."

मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने लिहिलं. स्पायरोने एका बोटाने, जीभ बाहेर काढून टाइप केलं. तिने आपल्याकडून तोच टाकून बघितला. आत. पुन्हा बाहेर पडली, पुन्हा आत. स्पायरोने टाळी वाजवली आणि आम्ही कामाला लागलो. एका जुन्या बोटीचा रेडिओ होता, बोलायचा पण ऐकायचा नाही. "नवऱ्यासारखा," डल्सी म्हणाली. तासभर ती स्कोपचा पडदा लांबून हलवत राहिली आणि मला सांगत राहिली: इथे टोक लाव, आता तिथे, अरे त्याच्या डावीकडे, तुझं डावं कुठलं ते माहीत आहे ना. मी वैतागत होतो आणि मला बरं वाटत होतं.

साडेदहा झाले. स्मोकोची वेळ. आमच्याकडे आभाळ कोसळलं तरी साडेदहाला चहा होतो.

"फोन चालूच ठेवा," डल्सी म्हणाली. "शेडचा आवाज तरी ऐकते. इथे नुसती औषधाच्या गाडीची चाकं ऐकू येतात."

स्पायरो पेस्टी घेऊन व्हरांड्यात गेला, मी त्याच्यामागून. वीस मिनिटं आम्ही बसलो. समुद्राकडून वारा होता, त्याने माझी अर्धी साखर उडवली. मग आत आलो, मी टेबल चालू केलं, स्कोप उठवला, तो टकटक करत उजळला, आणि म्हणालो, "हं डल्सी, चला."

ती दोन क्षण टाइप करत होती.

"नाही म्हणतोय."

स्पायरोने कपबशी खाली ठेवली. मला डोळ्यांपुढे रविवारची व्हॅन दिसली, आणि त्यात डल्सीचं ते खणांचं कपाट, प्रत्येक खणावर तिच्या हातची चिठ्ठी.

"थांब थांब," स्पायरो म्हणाला. त्याने पुठ्ठा समोर धरला आणि एका बोटाने टाइप केलं, बी, ओ, एस... शेवटच्या तीनपर्यंत. दाबलं. पासवर्ड चुकीचा.

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आणि मग मला कळलं.

"डल्सी!" मी इतक्या जोरात ओरडलो की बरणी कलंडून फोन आडवा झाला. "डल्सी, तू नाहीस! हे मी लिहिलंय! स्पायरोने टाइप केलंय! तू हातसुद्धा लावलेला नाहीस! तू विसरलेली नाहीस गं बाई!"

"ओरडू नकोस," फोन म्हणाला. "मला सरळ कर. छत दिसतंय."

मी फोन उचलला. तिचा अख्खा चेहरा पडद्यावर आला होता, गुलाबी झालेला, आणि डोळे असे लकाकत होते की मला किनाऱ्याच्या रेडिओवरची चाळीस वर्षांपूर्वीची डल्सी दिसली.

"क्लेम," ती हळू आवाजात म्हणाली, "चहाच्या वेळात स्कोप कुणी बंद केला?"

"कुणीही नाही. बोट लावलं नाही कुणी."

"नक्की?"

"देवाशप्पथ. शेवटी बाहेर पडलो तो मीच."

"बरं. मग मी काय ऐकलं ते सांगते, आणि तू मला सांग ते काय होतं. आधी स्पायरो गेला, पिशवी खुरखुरत. मग तुझे बूट. दारापाशी थांबलास. मग एक जाड आवाज, खट्ट. आणि स्कोपचा पंखा गेला. पाठोपाठ दिव्याची घूंघूं गेली. वीस मिनिटं माझ्या कानात मेलेलं टेबल होतं. मग तुझे बूट आले, पुन्हा खट्ट, आणि स्कोप वाजला. टक टक टक टक टक टक टक. मोजले मी. सात." ती जरा पुढे वाकली. "समोरच्या बटणाने झोपवून उठवला की तो एकदाच टक करतो. मंगळवारी तूच मला ऐकवलंस. सात वेळा करतो तो मेलेला जिवंत होतो तेव्हा. आता बोल. खट्ट कसला होता?"

मी भिंतीकडे बघितलं.

भिंतीवरून ते लाल बटण माझ्याकडे बघत होतं.

"ते..." मी म्हणालो. "ते म्हणजे स्कोप बंद करणं नव्हे. ते शेड बंद करणं!"

स्पायरो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पेस्टीचा तुकडा नाकात गेला आणि तो खोकत खोकत टेबलावर मुठी आपटायला लागला. "सव्वीस वर्षं!" त्याला बोलता येईना. "एकदाही... एकदाही चुकला नाही म्हणे!"

"मी नियम पाळत होतो!" मी ओरडलो.

"पाळ की! कुणी नको म्हटलंय?" डल्सीही हसत होती, पण तिची बोटं लॅपटॉपवर नुसती फुरफुरत होती. "हसणं नंतर. स्पायरो, ती जगजाहीर किल्ली टाक. पहिली, प्रोग्रामबरोबर आलेली. आत्ता!"

"ती तर तू बदललीस ना?"

"टाक रे!"

त्याने टाकली. दार उघडलं. सरळ, मुकाट्याने, जणू आम्ही कधी बदललीच नव्हती.

शेडमध्ये आम्ही दोन म्हातारे अक्षरशः नाचलो. फोनमधून कुण्या नर्सचा आवाज आला, बाई काय झालं, आणि डल्सीने तिला सांगितलं, "काही नाही बेटा, मी शहाणी निघाले."

मग तिने आम्हाला समजावलं, आणि तिने समजावलं की मलाही समजतं. आपण दिलेला पासवर्ड स्कोप वहीत लिहून ठेवत नव्हता, फळ्यावर खडूने लिहीत होता. समोरच्या बटणाने तो झोपला तरी फळा तसाच. पण वीज मुळातून तोडली की फळा पुसला जातो, आणि जिवंत झाल्यावर त्याला फक्त छापील पुस्तकातलं तेवढं आठवतं, म्हणजे ती जगजाहीर किल्ली. आजवर आम्ही दुपारी बसायचो, मध्ये चहा नसायचा, म्हणून संध्याकाळी मी लाल बटण खाली करेपर्यंत सगळं ठीक चालायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. आणि कळसा माझ्याच काखेत.

"आता त्याला एक वही देते," डल्सी म्हणाली. स्कोपच्या पोटात एक कोपरा होता, लाटांची चित्रं साठवायचा, तो पुसला जात नाही. तिथे तिने चार ओळींची सूचना लिहायला घेतली: जिवंत झालास की पहिलं काम, माझा पासवर्ड फळ्यावर लिही. आमच्या कॉम्प्युटरवर तिची अक्षरं एकेक उमटत होती. मी श्वास रोखून बघत होतो. नातवंडांच्या जन्माच्या वेळीही मी इतका बेचैन नव्हतो, हे माझ्या मुलींना कुणी सांगू नका.

"झालं. क्लेम, उठ. तुझं काम."

मी भिंतीपाशी गेलो. खट्ट. पंखा गेला, दिवा गेला. मी दहापर्यंत मोजलं. पुन्हा खट्ट, स्कोपचं बटण, टक टक टक टक टक टक टक. आम्ही तिघांनी मोठ्याने मोजले.

"टाकते," डल्सी म्हणाली.

फोनमधून कळांची खडखड आली.

"नाही म्हणतोय."

मी कपाळावर हात मारला. स्पायरोने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते देवाशी नव्हतं. मला वाटलं आता ती पुन्हा खाली बघेल, आता "मग मीच" म्हणेल. पण ती चष्मा पुसत होती.

"घाबरू नका रे. हे विसरणं नव्हे, ही चूक आहे. चूक मला ओळखता येते." तिने चष्मा घातला. "स्पायरो, जगजाहीर किल्लीने मला आत घे... हं. बघ. सूचना लिहिली, पण ती पाळायची परवानगीच दिली नाही त्याला. नुसतं पत्र लिहून पाकिटात ठेवलं. आता बघ."

एक छोटीशी ओळ. मी तिने सांगायच्या आधीच बटणापाशी होतो. खट्ट. मोजलं. खट्ट. सात टक.

ती टाइप करत होती. आता स्पायरोही जागचा हलेना. बाहेर कुणाची तरी गाडी गेली.

आणि स्कोपच्या पडद्यावरची लाट, कुणीही हात न लावता, सावकाश मोठी झाली.

"आले," डल्सी म्हणाली. "आत आले." मग तोंडावर हात ठेवून ती रडली, आणि मला ते बघवेना म्हणून मी रेडिओचे स्क्रू पुन्हा आवळायला लागलो, जे आवळलेलेच होते. आणखी तीनदा मी वीज तोडली, तीनदा ती आत आली. चौथ्यांदा स्पायरोने हट्टाने लाल बटण स्वतः खाली केलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्या कुणाला ते करू दिलं.

"आता लोरेन," डल्सी म्हणाली, नाक पुसून झाल्यावर.

"हो. सांग तिला. व्हॅन रद्द कर म्हणावं."

"मी नाही. तू." तिचा आवाज बदलला होता. "बुधवारी, चार वाजता, तिने तुला फोन केला होता. तू काय म्हणालास ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. ‘गेल्या वर्षभरात जरा घसरली आहे खरी.’ एकही शब्द इकडचा तिकडे नाही. बरोबर?"

स्पायरो माझ्याकडे बघायला लागला. त्याला हे माहीत नव्हतं.

"बरोबर," मी म्हणालो.

"मला राग आला होता, क्लेम. पण रागावून काय करणार, मी तुझं ऐकलं. मला वाटलं, हा मला चाळीस वर्षं ओळखतो, हा म्हणतोय म्हणजे असणार. तीन रात्री मी पडल्या पडल्या बोटींची नावं म्हणत होते, एकेक, विसरले तर नाही ना बघायला. एकशे चौदा झाली. सगळी आठवली. तरी मी तुझंच खरं मानलं."

मी "माफ कर" म्हणालो, ते मलाच जेमतेम ऐकू आलं. तिला मात्र आलं, कारण ती म्हणाली, "ऐकलं. आता फोन कर."

मी व्हरांड्यात जाऊन लोरेनला फोन लावला. ती पॅकिंगची खोकी आणायला दुकानात गेली होती, मागे ट्रॉल्यांचा खडखडाट येत होता. मी मध्ये थांबलो तर धीर जाईल म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. पासवर्ड डल्सी विसरली नव्हती. स्कोप विसरत होता. आणि त्याला विसरायला लावत होतो मी, दर वेळी, उठता उठता भिंतीवरचं बटण खाली करून. आणि ते मला आठवलंसुद्धा नाही, कारण ते मी करतो असं मला कधी वाटतच नाही. हात आपोआप जातो. "तुझी आई धडधाकट आहे," मी म्हणालो. "बुधवारी मी बोललो ते चुकीचं होतं. विसरणारा मी होतो."

पलीकडे काहीतरी ट्रॉलीत आदळलं.

"लोरेन? आहेस ना?"

"क्लेम," ती म्हणाली. "किटली."

"काय किटली?"

"मी आईकडे सकाळी जायचे ना. निघताना सगळं भिंतीवरून बंद करून निघायचे. टोस्टर, इस्त्री. आग लागू नये म्हणून." ट्रॉल्या थांबल्यासारख्या वाटल्या. "किटलीपण."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. आतून डल्सीचा आवाज येत होता, स्पायरोला कुठलंसं टोक कुठे लावायचं ते सांगणारा, आणि स्पायरोची कुरकूर.

"खोकी तिथेच ठेव," मी लोरेनला म्हणालो, "आणि आईला फोन लाव. ती जागी आहे. सगळं आठवतंय तिला."